पुढचं चाक

मधुकर सबनीसांनी पिवळी चादर हलवायला दोन्ही हात वर केले आणि ते वरच राहिले. विमान नेहमीच्याच वाटेने, खाडीवरून, रेल्वेचे रूळ ओलांडून घाटकोपरच्या छपरांवर उतरत आलं होतं, आणि त्याला पुढचं चाक नव्हतं. मागचे दोन पाय व्यवस्थित लोंबत होते. नाकाखाली मात्र काहीच नव्हतं, नुसतं गुळगुळीत पांढरं पोट. आपल्या नजरेची चूक असेल, उन्हाची असेल, असं त्यांना क्षणभर वाटून गेलं. पण या गच्चीखाली ज्याची उभी हयात गेली त्याला विमानाचं पोट शिकवावं लागत नाही. इथवर येईपर्यंत प्रत्येक विमानाची चाकं बाहेर आलेली असतात, हे इथली शेंबडी पोरंसुद्धा सांगतील. विमान डोक्यावरून गेलं, पाण्याच्या टाक्यांची झाकणं थरथरली, आणि मग ते उतरायचं सोडून पुन्हा वर चढायला लागलं. आवाज असा की एखाद्या म्हाताऱ्याला जिन्याच्या शेवटच्या पायरीवरून परत वर पाठवावं. मधुकररावांच्या हातातली चादर गच्चीच्या डांबरावर पडली. त्या विमानात उजवीकडच्या खिडकीशी त्यांचा मुलगा बसलेला होता.

ही चादरीची पद्धत शौनकनेच पाडलेली. बंगळुरूला नोकरी लागल्यावर पहिल्यांदा विमानाने घरी यायचा तेव्हा त्याने आदल्या दिवशी फोन केला होता. "बाबा, उजवीकडची खिडकी घेतलीय. गच्चीवर काहीतरी हलवा, मला दिसतं का बघू." सुनंदाने कपाटातून ही हळदीच्या रंगाची जाड चादर काढून दिली. तेव्हा तिचे गुडघे बरे होते, तीही वर आली होती, आणि दोघं नवरा-बायको भर दुपारी वेड्यासारखी चादरीची दोन टोकं धरून नाचवत होती. शौनक घरी आला तो दारातूनच ओरडत. दिसली, बाबा, चिमूटभर हळदीएवढी दिसली. त्यानंतर तो दर खेपेला उजवीकडची खिडकी घ्यायचा आणि मधुकरराव दर खेपेला गच्ची चढायचे. सुनंदाच्या गुडघ्यांनी पुढे राम म्हटला, तिला घराचा उंबरा ओलांडणं जड झालं, तरी चादर चुकली नाही. चुकली ती गेली दोन-अडीच वर्षं, कारण शौनक आलाच नव्हता. परवा अचानक येतो म्हणाला, आईला म्हणाला, आणि मधुकररावांनी कुणाला न विचारता चादर काढून ठेवली. सकाळी दाढी केली. बाजारातून सुरमई आणली. पोरगा वितळला, शेवटी बापापाशी आला, असं त्यांना जिना चढताना वाटत होतं, आणि त्या वाटण्याने त्यांचे पाय हलके झाले होते.

आता तोच जिना उतरताना पायरी कुठे आहे ते कळेना. चादर त्यांनी छातीशी कवटाळली होती. घरात टीव्ही लागलेला होता, सुनंदा त्याच्यासमोर खुर्चीच्या कडेवर बसली होती आणि पडद्यावर एक खोटं, चित्रातलं विमान गोल गोल फिरत होतं. बातमी सांगणारी मुलगी सांगत होती की पुढचं चाक बाहेर येत नाही, वैमानिक इंधन जाळण्यासाठी घिरट्या घालतोय, विमानतळावर बंब उभे केलेत. ती हे इतक्या उत्साहाने सांगत होती की मधुकररावांना तिचा गळा दाबावासा वाटला. सुनंदाने त्यांच्याकडे पाहिलं. "तेच ना हो?" तिने विचारलं. ते काही बोलायच्या आत वरून दुसरं विमान गेलं आणि दोघं गप्प झाली. या भागातल्या माणसांची ही जुनी खोड. विमान आलं की बोलणं जिथे असेल तिथे थांबतं, भांडण असो, लग्नाची बोलणी असो, आणि आवाज विरला की वाक्य जिथे सोडलं तिथून उचललं जातं. पाहुण्यांना गंमत वाटते. आवाज विरला तेव्हा मधुकरराव म्हणाले, "हो. तेच."

असंच एक विमान अडीच वर्षांपूर्वीच्या एका रविवारी, शौनकशी फोनवर बोलताना गेलं होतं. तो फोन मधुकररावांनी मनात इतक्या वेळा उचलला होता की त्याची किनार झिजून गेली होती. शौनकचा आवाज विचित्र सपाट होता. "बाबा, मला बरं नाहीये. सकाळी उठवतच नाही. ऑफिसला जात नाहीये मी. थोडे दिवस घरी येऊ का?" ताप आहे का, त्यांनी विचारलं होतं. नाही. खोकला? नाही. पोट? नाही. मग काय होतंय? काही नाही, उठवत नाही, एवढंच. मधुकररावांची सगळी नोकरी कोर्टात स्टेनो म्हणून गेलेली. तारखेला आजारी पडणारी माणसं त्यांनी जन्मभर बघितली होती. कुणाच्या छातीत नेमकी साक्षीच्या सकाळी कळ येते, कुणी गळ्याला पट्टा बांधून येतो आणि मधल्या सुट्टीत कँटीनमध्ये पट्टा काढून वडा खातो. खोट्याच्या कपाळी गोटा, असं ते बोटं चालवता चालवता मनात म्हणायचे. त्या रविवारी ते फोनवर हसले. अगदी दुष्टपणाने नव्हे, आपल्या धंद्यातला विनोद करावा तसं म्हणाले, "आजारी आहेस ना? मग डॉक्टरचा दाखला आण. दाखल्याशिवाय तारीख मिळत नाही." आणि तेवढ्यात विमान गेलं. आवाज विरल्यावर ते म्हणाले, "हं, बोल." फोन बंद झालेला होता. पुढे सुनंदाकडून कळलं की पोरगा डोक्याच्या डॉक्टरकडे जात होता, गोळ्या घेत होता, दिवसच्या दिवस पडदे ओढून पडून राहत होता. तेव्हा फोन करायला हवा होता. केला नाही. आधी त्याने करावा असं वाटत राहिलं, आणि वाट बघण्याचीसुद्धा सवय होते.

सुनंदाचा फोन टीव्हीपाशी वाजला. तिचा चष्मा कुठे होता कुणास ठाऊक, तिने फोन त्यांच्याच हातात दिला. विमान मघाशी पुन्हा एकदा धावपट्टीवरून अगदी कमी उंचीने नेलं होतं, खालच्या माणसांनी दुर्बिणीतून चाक बघावं म्हणून. तेवढ्यात शौनकच्या फोनला रेंज मिळाली असावी. मधुकररावांनी त्याचा मेसेज मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "आई, टीव्ही लावू नकोस. बाबांना काही कळू देऊ नकोस. त्यांच्या हार्टला झेपणार नाही. मी येतोच आहे." त्यांनी ते पुन्हा वाचलं. कुणाच्या हार्टला? त्यांचं हृदय उत्तम होतं, आत्ताच ते गच्चीचा जिना चढून-उतरून आले होते. सुनंदा खाली मान घालून साडीचा काठ बोटांनी कुस्करत होती.

"काय सांगितलंस तू त्याला?"

"अटॅक येऊन गेला म्हणून," ती म्हणाली. "डॉक्टरांनी झोपवून ठेवलंय म्हणून."

"मला?"

"नाहीतर आला असता तो? तुम्ही फोन करणार होतात? दोघं हट्टाला पेटलेले, आणि मी काय मेल्यावरच तोंड बघायचं त्याचं? तो आला की सांगणार होते मी. चिडला असता, चिडला असता नि जेवला असता." मग तिचा आवाज फुटला. "भरल्या घरात असं अभद्र बोलले मी. वास्तू तथास्तु म्हणत असते हे माहीत असून बोलले. ते तुमच्यावर यायचं ते त्याच्यावर गेलं हो."

मधुकररावांच्या मनात सगळ्यात आधी काय आलं, ते त्यांना पुढे कधीच कुणाला सांगता आलं नसतं. भीती नाही आली. अपमान आला. म्हणजे तो माझ्याकडे येतच नव्हता. दाढी केलेल्या, सुरमई आणणाऱ्या, चादर घेऊन गच्ची चढणाऱ्या या माणसाकडे तो येत नव्हता. तो येत होता अंथरुणावर पडलेल्या दुसऱ्याच कुणा मधुकर सबनीसाकडे, ज्याची छाती दुखते, जो बोलत नाही, जो दाखला मागत नाही. मुलगा आभाळात लटकलेला आणि आपल्याला मानपान सुचतोय, या जाणिवेने त्यांना स्वतःची शिसारी आली. आणि त्या शिसारीच्या पाठोपाठ दुसरी गोष्ट आली ती जास्त वाईट होती. पोरानेही दाखला मागायला हवा होता. रिपोर्ट पाठव म्हणायला हवं होतं, कोणत्या डॉक्टरने सांगितलं, काय सांगितलं, असे चार प्रश्न विचारायला हवे होते. त्याने काही विचारलं नव्हतं. बाप आजारी आहे एवढं ऐकलं आणि मिळेल त्या विमानात चढला. आणि वर, मरणाच्या दारात, त्याला त्या न झालेल्या आजाराची काळजी पडली होती. ते सुनंदाशेजारी जमिनीवरच बसले. तिला रागवायचं होतं, पण रागाला कुठून धरावं ते समजेना. त्यांनी तिचा हात धरला. तो गार पडला होता.

मग नुसती वाट होती. खिडकीतून आभाळाचा एक तुकडा दिसायचा आणि त्यातून मधूनमधून ते विमान जायचं, उंचावरून, ऊन अंगावर घेत, काहीच न झाल्यासारखं. आतमध्ये डोकी गुडघ्यांत घालून बसलेली माणसं असतील. शौनकची मान लहानपणापासून लांब, त्याला असं वाकून बसणं जमत नसे. बारसं नाही, मुंज नाही, कुठलाच सोहळा न आठवता मधुकररावांना नेमकी त्याची मान आठवत होती, न्हाव्याकडे पांढऱ्या कापडातून वर आलेली, बारीक केसांनी टोचणारी. ते देवाचं फारसं करत नसत. आज त्यांनी मनात म्हटलं, खरंच दे मला. तिने सांगितलाय तो अटॅक खरा कर, आत्ता, या जमिनीवर, आणि त्याला खाली उतरव. ते छातीकडे लक्ष लावून बसले. हृदय नेमाने, निर्लज्जपणे चालत राहिलं.

विमान उतरलं ते त्यांनी टीव्हीवर पाहिलं. मागची चाकं टेकली, नाक बराच वेळ वर धरून ठेवलेलं, डोक्यावरचा हंडा सांभाळावा तसं. मग ते हळूहळू खाली आलं आणि डांबराला लागलं. ठिणग्यांचा लोट उठला, धूर झाला, बंब धावले, आणि विमान नाक घासत घासत एकदाचं थांबलं. बाजूने फुगे फुगावेत तशा घसरगुंड्या बाहेर आल्या आणि माणसं त्यांवरून घरंगळायला लागली. सुनंदा ओरडली नाही, नुसती पुटपुटत राहिली. चॅनेलवाले तेच पुन्हा पुन्हा दाखवत होते. प्रत्येक वेळी विमान नव्याने उतरत होतं आणि प्रत्येक वेळी मधुकररावांचा श्वास नव्याने अडकत होता, जणू एखाद्या खेपेला ते वेगळं काही करील. त्या ठिपक्यांमधला आपला कोणता ते ओळखायला त्यांनी पडद्याला नाक लावलं. ओळखता आलं नाही.

फोन आला तेव्हा सुनंदाने तो स्पीकरवर टाकला. आधी नुसता श्वास ऐकू आला. "आई, उतरलो. मी ठीक आहे. बाबांना कळलं नाही ना?" मधुकरराव हाताच्या अंतरावर उभे होते. तोंड उघडलं होतं. एक शब्द पुरला असता, शौनक, मी ठणठणीत आहे रे, एवढंच. तेवढ्यात तो पुढे बोलला. त्याचा आवाज लहान मुलासारखा चिरकला होता. "वर ना, आई, दुसरं काही सुचतच नव्हतं. फक्त एकदा बाबांना बघू दे, मग काय व्हायचं ते होऊ दे, असं चाललं होतं डोक्यात." सुनंदाने नवऱ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं संसार केल्यावर काही गोष्टी विचाराव्या लागत नाहीत. मधुकररावांनी तोंड मिटलं.

"नाही रे राजा," ती फोनमध्ये म्हणाली. "झोपलेत ते."

मग घरात धावपळ झाली, चोरी लपवतात तशी. सुरमई शेजारच्या तेजलबेनला द्यावी तर ती घेत नाही, शुद्ध शाकाहारी, म्हणून फ्रीजच्या तळाशी ढकलली. बाजाराच्या चपला कपाटामागे गेल्या. सुनंदाने पेज गॅसवर ठेवली. मधुकररावांनी लेंगा बदलला आणि पलंगावर आडवे झाले. ताजी दाढी लपवता येण्यासारखी नव्हती. गळ्याला पंचा गुंडाळावा, छातीवर हात ठेवावा, हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं, आरोपींनी शिकवलं होतं. त्यांनी काही केलं नाही. नुसते पडून राहिले आणि नकळत हाताला लागली ती चादर अंगावर ओढली. थोड्या वेळाने त्यांना जाणवलं की अंग खरोखरच जड झालंय. उठावंसं वाटत नव्हतं. ताप नाही, खोकला नाही, पोट नाही. उठवत नव्हतं, एवढंच. काय होतंय असं कुणी विचारलं असतं तर त्यांना सांगता आलं नसतं.

शौनक आला तो ऊन कलल्यावर. हातात सामान नाही. दोन्ही कोपरांना पट्ट्या, घसरगुंडीवर कातडी सोलून निघालेली. शर्टाला जळक्या रबराचा वास. तो हडकला होता, कानशिलावर केस पांढरे झाले होते आणि हे मधुकररावांना कुणी सांगितलं नव्हतं. तो पलंगाच्या कडेला बसला. त्याने बापाच्या कपाळावर हात ठेवला. मधुकरराव प्रश्नांची वाट बघत राहिले. कोणत्या डॉक्टरकडे, काय तपासण्या केल्या, फाइल कुठे आहे. सुनंदाने त्यासाठी उत्तरंही जुळवून ठेवली होती. शौनकने काहीच विचारलं नाही. "आता बरं वाटतंय ना?" एवढंच म्हणाला. आणि, "मी आता राहतो इथे. घाई नाही मला." तेवढं ऐकायला मधुकररावांनी काय दिलं नसतं. ते ऐकायला मिळालं होतं, पण त्या दुसऱ्या माणसाच्या नावावर.

सुनंदाने पेज आणून दिली, भिंतीला धरत धरत, एक गुडघा न वाकवता. शौनकने तिच्या हातातून वाटी घेतली. "तू कशाला येतेस गं, मी आलो असतो." त्याने चमचा पुढे केला आणि मधुकररावांनी तोंड उघडलं. पेजेत मीठ कमी होतं. ती गिळताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलं नाही, आजारी माणसाला तेवढी मुभा असते. शौनकने चादरीच्या टोकाने त्यांचं तोंड टिपलं. आणि मग चादरीवरच त्याची बोटं थांबली. तिथे डांबराचा डाग होता, काळा, अजून चिकट. उन्हाने तापलेल्या गच्चीचा. त्याने तो डाग अंगठ्याने चोळून पाहिला.

"वरून दिसली मला," तो म्हणाला. "पहिल्या फेरीला. वाटलं भास आहे." तो डागाकडेच बघत होता. स्वयंपाकघराच्या दारात सुनंदा चौकटीला धरून उभी राहिली होती. त्याने तिच्याकडे पाहिलं, तिच्या न वाकणाऱ्या गुडघ्यांकडे पाहिलं, मग बापाच्या गुळगुळीत गालांकडे. आवाज अगदी मऊ ठेवून त्याने विचारलं, "आई गेली होती का गच्चीवर?"

मधुकररावांनी आयुष्यभर साक्षी टिपल्या होत्या. साक्षीदार कोणत्या प्रश्नाला मोडतो, ते त्यांच्या बोटांना वकिलांच्या आधी कळायचं. हाच तो प्रश्न. नाही म्हटलं तर सगळं संपलं. हो म्हटलं तर ज्याने कशाचाही पुरावा मागितला नाही त्याच्या तोंडावर खोटं. त्यांनी ओठ उघडले, आणि तेवढ्यात खाडीकडून आवाज आला. धावपट्टी मोकळी झाली असावी. विमान छपरांवरून घरघरत आलं, खिडकीच्या काचा हलल्या, वाटीतली पेज थरथरली. तिघंही सवयीने गप्प झाली. शौनक मान वर करून छताकडे बघत होता, ओठ घट्ट मिटून, त्याचा रंग उडाला होता, आणि मधुकररावांनी चादरीखालून त्याचं मनगट धरलं. आवाज डोक्यावरून गेला, टेकडीकडे गेला, विरला. आता वाक्य उचलायचं होतं. या घरात ते नेहमीच उचललं जायचं.

शौनकने वाटी खाली ठेवली. "चला," तो म्हणाला, "तोंड धुऊन देतो तुमचं." त्याने बापाच्या पाठीमागे हात घातला आणि त्यांना उठवलं. सकाळी गच्ची चढलेले पाय मधुकररावांनी जमिनीवर टेकले, आणि ते लहान लहान पावलं टाकायला लागले, म्हाताऱ्याची, आजाऱ्याची. मधल्या दारापाशी त्यांचा तोल गेला, खरोखरच गेला, आणि सगळा भार मुलाच्या पट्टी बांधलेल्या कोपरावर आला. शौनक कळवळला. त्याने हात काढला नाही.

"दुखतंय का रे?" त्यांनी विचारलं.

"नाही," शौनक म्हणाला.

पट्टीवर लाल ठिपका उमटत होता. मधुकररावांनी दाखव म्हटलं नाही. त्यांनी त्याच हातावर पुन्हा भार दिला आणि पुढचं पाऊल टाकलं.